मनोऱ्याला हात लावू नये

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. 'मासिक पाळी' हे शब्द मी न अडखळता उच्चारू शकतो. पन्नाशीच्या पुरुषाला हे उगाच जमत नाही. आरशासमोर आठवडाभर सराव केला होता! म्हणूनच आमच्या युवा केंद्रात पाळी आणि आरोग्य या विषयावर कार्यक्रम ठरला, तेव्हा केंद्रप्रमुख या नात्याने मी छाती काढून म्हणालो, "सगळं माझ्यावर सोडा!"

सोडलं. तिथेच चुकलं.

खरं काम केलं होतं आमच्या एका कार्यकर्तीनं. वय अठरा. ऊठसूट उलटतपासणी घ्यायची म्हणून सगळे तिला वकिलीणबाई म्हणत. तीन महिने ही पोरगी वस्तीतल्या मुलींना सतरंजीवर गोळा करून पाळी का येते, पोट का दुखतं, कापड उन्हातच का वाळवायचं, हे समजावत होती. आता ऐंशी मुली आणि आयांसमोर तिचं भाषण होतं. तिचे वडील शिंपी. "असलं चारचौघांत बोलायचं काम माझ्याच पोरीनं का करायचं?" हा त्यांचा सवाल. शेवटी एवढ्यावर तयार झाले, "एकदा ऐकतो. पटलं तर पुढे, नाहीतर बंद." दुकानाला कुलूप लावून ते आले आणि शेवटच्या रांगेत, सगळ्या सभागृहाचं माप घेत असल्यासारखे बसले.

माझं योगदान दोन गोष्टींचं. पहिली, कार्यकर्त्यांना पांढराशुभ्र गणवेश. स्वच्छतेचं प्रतीक! दुसरी, व्यासपीठावर पॅडच्या दोनशे पाकिटांचा मनोरा. भोवती लाल फीत. आरोग्य खात्याच्या अधिकारी बाई येणार, फीत कापणार, फोटो निघणार, मग वाटप. तोवर मनोऱ्याला हात लावू नये, अशी पाटीही मी स्वहस्ते रंगवली होती.

कार्यक्रम अकराचा. साडेबारा वाजले तरी बाईंचा पत्ता नाही. व्यासपीठावर मी, केंद्राचे चिटणीस आणि वकिलीणबाई. ती हळूच माझ्याकडे झुकली.

"सर, एक पाकीट द्या."

"उद्घाटनानंतर."

"मला आत्ता हवंय, सर. मला."

अर्थ डोक्यात शिरायला वेळ लागला. "तुला? आज?"

"आजची तारीख तुम्ही ठरवलीत सर, मी नाही."

"थोडं थांबवता येईल का? बाई येतीलच इतक्यात."

तिनं कपाळाला हात लावला. तिच्या वर्गांपैकी एखाद्याला आपण बसायला हवं होतं, हे मला तेव्हा लख्ख कळलं!

"सर, गणवेश पांढरा आहे. मला उठतासुद्धा येत नाहीये."

"मग बायकांच्या स्वच्छतागृहात..." म्हणता म्हणता मी थांबलो. तिथे जुने फलक आणि मोडके कॅरम बोर्ड कोंबून दाराला कुलूप घालून चार वर्षं झाली होती.

शेवटी मी धैर्य करून उठलो. वरचं पाकीट काढलं तर फोटोत मनोऱ्याचं टोक मोडकं दिसेल, म्हणून दूरदृष्टीने सगळ्यात खालचं ओढलं.

दोनशे पाकिटं व्यासपीठभर कोसळली! पहिल्या तीन रांगा लहान मुलांसारख्या हसल्या.

"पाटी वाचता येत नाही का?" चिटणीस ओरडले.

"मीच लिहिलीय!"

हातातलं पाकीट फोडलं. आत चुरगळलेला वर्तमानपत्राचा कागद. दुसरं फोडलं. त्यातही कागद.

"चिटणीस, हे काय?"

"अहो, खरे पॅड मनोऱ्यात दबले असते! शिवाय धूळ. माझ्या घरी माळ्यावर नीट ठेवलेत. फीत कापली की मागवणार होतो."

"एकही आणला नाहीत?"

"आज इथे कुणाला लागणार होते?"

ऐंशी बायका-मुलींच्या सभेत हा प्रश्न विचारला गेला, आणि मलाही तो क्षणभर बरोबर वाटला!

"सर, माइक द्या," वकिलीणबाई म्हणाली. "एकीच्या तरी पिशवीत असेल. मीच विचारते."

"तू? स्वतःसाठी? बरं दिसतं का ते! मी बघतो."

मी माइक हातात घेतला. आरसा समोर नव्हता. "बंधुभगिनींनो... आपल्या एका मुलीला... एका वस्तूची... म्हणजे नैसर्गिकच... तब्येत जराशी..."

झालं! "चक्कर आली!" कुणीतरी किंचाळलं. एकीनं गोळी पुढे केली, एकीनं दम्याचा पंप. "पंखा वाढवा!" "अँब्युलन्सला फोन लावा!" चार मावश्या पाण्याच्या बाटल्या घेऊन व्यासपीठावर चढल्या आणि त्यांनी तिला दोन्ही बाजूंनी धरलं.

"ऊठ बाळ, जरा आडवी हो!"

"नको मावशी! नको ना!"

उठवलीच.

पांढऱ्या गणवेशावरचा लाल डाग सगळ्या सभागृहाला दिसला.

मागून शिंपी आले. धावत नाही, चालत. पिशवीतून कुणाचंतरी शिवायला आलेलं गडद निळं कापड काढलं आणि लेकीच्या कमरेभोवती गुंडाळलं.

"पाळी आलीय, एवढंच ना?" ते नेहमीच्या आवाजात म्हणाले. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. मग माझ्याकडे वळले. "साहेब, मी भीत होतो. म्हटलं, इथे सगळं उघड बोलतात, पोरगी बिघडेल. इथे तर कुणाला बोलताच येत नाही!"

"बाबा, मला बोलता येतं. पाच मिनिटं थांबा ना."

"कुणासमोर बोलतेस? चल. पुन्हा इथे यायचं नाही."

तिनं माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी म्हणायला हवं होतं. पण मी ओणवा होऊन पाकिटं गोळा करत होतो. फाटकात अधिकारी बाईंची गाडी लागली होती ना!

मनोरा पुन्हा उभा राहिला. फीत कापली. फोटो उत्तम आला, कागदाचं पाकीट कागदाचं दिसत नाही. बाई म्हणाल्या, "आता त्या मुलीचं भाषण होऊ द्या."

"तिची तब्येत बरी नाही," मी म्हणालो. "मी वाचतो."

तिची वही खुर्चीखाली पडली होती. मी ती उघडली, घसा साफ केला आणि पहिलं वाक्य वाचलं, "मैत्रिणींनो, ही गोष्ट कुजबुजत सांगायची नसते."

मागून कुणीतरी ओरडलं, "सर, काहीच ऐकू येत नाहीये!"