डाग गेला

रविवारी सकाळी चहा घेता घेता मी ठरवलं, की सासरेबुवांची गाडी आज आपण आतून पुसायची. एवढंच. यात घर हादरण्यासारखं काही तुम्हाला दिसतंय? मलाही दिसलं नव्हतं.

डोळ्यांनी साथ सोडल्यापासून सासरेबुवा गाडी चालवत नाहीत, म्हणून ती आमच्या दारात उभी असते. त्या दुपारी ते येणार होते आणि गाडी कायमची लेकीला द्यायची की लेकाला, याचा निकाल देणार होते. मेव्हणा ती विकून नवी घेणार, हे जगजाहीर. बायको मात्र याच गाडीवर चालवायला शिकली, तिचा जीव तिच्यात अडकलेला. तेव्हा निकाल आमच्या बाजूने लागावा म्हणून आपणही काहीतरी करावं, असं मला वाटलं. (मला असं वाटू लागलं की बायको घरातली हत्यारं लपवते.)

माझ्या हाताचा गुण असा, की चालू वस्तू बंद पडते. मी गळका नळ दुरुस्त केला तेव्हा खालच्या मजल्यावरचे काका छत्री उघडून वर आले होते. म्हणून या वेळी रीतसर अभ्यास केला. गाडीच्या आत सगळीकडे फिकट बदामी रंगाचं, मऊ लव असलेलं कापड आहे. छताला, दारांना, पुढच्या आणि मागच्या दारांमधल्या खांबालासुद्धा. ते खालच्या फोमला चिकटवलेलं असतं. घासलं की लव जाते, भिजवलं की गोंद सुटतो आणि छत टाळूवर लोंबायला लागतं. आणि ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटलगतच्या खांबावर, बरोबर डोक्याच्या उंचीला, तळहाताएवढा पिवळट काळा डाग होता.

मी कोमट पाण्यात सौम्य साबण घातला, फेटला आणि नुसता फेस घेतला. आधी सीटमागच्या कोपऱ्यात लावून पाहिला, रंग सुटला नाही. मग मऊ फडक्याने डागाच्या कडेपासून मध्याकडे टिपत आलो. टिपलं, कोरड्या फडक्याने ओल शोषली, पुन्हा टिपलं. एकदाही घासलं नाही. शेवटी दारं उघडी टाकून टेबलफॅन लावला. कापड असं स्वच्छ निघालं, की मीच खुळ्यासारखा त्याच्याकडे बघत बसलो. मग बायकोला हाक मारली.

"बघ!"

"काय बघू?"

"डाग."

"कुठे आहे डाग?"

"तेच तर म्हणतोय! कुठे आहे?"

ती हसायला लागली होती. मग तिची नजर त्या खांबावर गेली आणि तिने त्या जागेवरून हात फिरवला.

"आईचा डाग पुसलास तू?"

सासूबाई गाडीत बसल्या की गल्लीचं वळण यायच्या आत झोपायच्या. त्याच सीटवर, त्याच खांबाला डोकं टेकून. डाग त्यांच्या केसांच्या तेलाचा. त्या गेल्यावर सासरेबुवांनी सगळी गाडी धुतली, पण तिथे कुणाला हात लावू दिला नाही. त्या सीटवरही कुणी बसत नसे. (मला वाटायचं, स्प्रिंग तुटली असेल.)

"गाडी आली त्याच दिवशी सांगितलं होतं तुला," बायको म्हणाली. "तू 'हं' म्हणालास."

म्हणालो असेन. घरात मी दिवसभर 'हं' म्हणतो, त्याचा ऐकण्याशी संबंध नसतो.

मला फार वाईट वाटलं. नळाच्या वेळी सगळं सासर हसत होतं तेव्हा सासूबाई एकट्याच म्हणाल्या होत्या, "प्रयत्न तर केला ना त्यांनी!" आणि आयुष्यात पहिल्यांदा मी एक काम निर्दोष केलं, तर तेच नेमकं करायचं नव्हतं. बायको आत निघून गेली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

अशा अवस्थेत माणसाने गप्प बसावं. मी कपाटातून तेलाची बाटली काढली. उरलेसुरले केस तेलात माखले, सासूबाईंच्या सीटवर बसलो आणि खांबाला डोकं टेकलं. डाग पडला तो बोराएवढा. त्यांचं इतक्या वर्षांचं काम माझ्या एका बैठकीत कसं व्हावं? मग तळहातावर तेल ओतून थापलं. आतला फोम तहानलेलाच होता. डाग तळहाताएवढा झाला, मग ताटलीएवढा, मग सीटबेल्टच्या दिशेने निघाला. त्याला थोपवायला मी तिथे डोकं घट्ट दाबून धरलं.

"जावईबापू, झोप लागली का?"

सासरेबुवा गाडीशी उभे होते. मी काही बोलायच्या आत ते पलीकडून चालवणाऱ्याच्या जागी बसले आणि सवयीने खांबाकडे हात नेला. मी डोकं बाजूला घेतलं. त्यांनी बोटं चोळली, नाकाशी नेली.

"हे तिचं तेल नाही."

मी सगळं सांगितलं. त्यांनी बोटं रुमालाला पुसली.

"पूर्ण गेला होता?"

"पूर्ण."

"कापडाला काही झालं नाही?"

"नाही. टिपून काढला, बाबा. घासला नाही."

"म्हणजे तुम्ही नीट केलेलं पहिलंच काम हे," ते म्हणाले, आणि हसता हसता चष्मा काढून डोळे पुसू लागले. "ती झोपायची म्हणून मी किती चिडायचो. रस्ता चुकलो की विचारू कुणाला?"

बायको केव्हाच दारात येऊन उभी होती. त्यांनी किल्ली तिच्या हातात दिली. "गाडी तूच ठेव. तुझ्या भावाने विकली तर परका कुणीतरी उरलेलं सगळं धुऊन टाकील. इथे एकाच माणसावर लक्ष ठेवायचंय."

तर गाडी आता आमची आहे. परवा बायकोच्या मैत्रिणीने त्या खांबाकडे पाहून नाक मुरडलं. "अगं, हा एवढा डाग कुणाचा?"

"आमच्या ह्यांचा."

"मग धुऊन काढ की!"

"डाग काढणारा हात घरात ह्यांचाच आहे," बायको म्हणाली, "पण ह्यांना गाडीत एकटं सोडायचं नाही, असं बाबांनी बजावलंय."