आठ ग्रॅमचा घोळ

"मशीन थांबवा! आधी मशीन थांबवा!" असं ओरडत काका जिना उतरले, तेव्हा त्यांच्या एकाच पायात चप्पल होती. दुसरी वरच्याच पायरीवर राहिली होती.

छापखान्यात सगळेच त्यांना काका म्हणत. वीस वर्षं ते डब्यांची, बाटल्यांची, पाकिटांची लेबलं तपासत होते. एखादा अनुस्वार सुटला की तो त्यांना डोळ्यांत गेलेल्या कचऱ्यासारखा खुपायचा. आकड्यांच्या वाटेला मात्र ते सहसा जात नसत. पण आज तिळाच्या तेलाचं लेबल टेबलावर आलं, खालच्या पोषणमूल्यांच्या तक्त्यावर नजर पडली आणि का कोण जाणे, त्यांनी बेरीज केली. दर शंभर ग्रॅम तेलात संपृक्त मेद पंधरा, एकल असंपृक्त बेचाळीस, बहु असंपृक्त एक्कावन्न. त्यांनी पुन्हा बेरीज केली. मग बोटांवर केली. एकशे आठ!

आणि घाई आहे म्हणून खाली छपाई सुरूही झाली होती.

मशीन थांबलं. मालक केबिनमधून धावत आले. "काय झालं? कुणाचा हात अडकला?"

"हात नाही मालक, तेल! शंभर ग्रॅम तेलात एकशे आठ ग्रॅम मेद आहे!"

"मग चांगलंच आहे की. गिऱ्हाइकाला जास्त मिळतंय."

"अहो, जास्त कुठून मिळणार? शंभरात एकशे आठ मावतील कसे?"

मालकांनी घड्याळाकडे पाहिलं. पावणेचार. चारला माल घेऊन टेंपो निघणार होता. त्यांनी तेल कंपनीला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. कंपनीतले केमिस्ट रजेवर होते. फोनवर होता तो कारकून.

"आठ जास्त होतायत का?" कारकून म्हणाला. "मग कुठूनही आठ काढून टाका ना."

"कुठूनही म्हणजे?"

"तुम्हाला जे जास्त वाटेल त्यातून काढा. आमची काही हरकत नाही."

मालकांचा चेहरा उजळला. "संपृक्त वाईट असतं म्हणतात. त्यातले काढू. पंधराचे सात. लोकांच्या तब्येतीलाही बरं!"

"मालक!" काकांचा आवाज चिरकला. "कुणी हृदयाचं दुखणं असलेला माणूस हे वाचून तेल घेईल. आपण इथे उभ्या उभ्या त्याचं पथ्य बदलायचं?"

मशीनवाल्याने उगाचच एक कळ पुसली. तेवढ्यात काकांना आठवलं, आपल्या घरी हेच तेल येतं. त्यांनी बायकोला फोन लावला.

"अगं, स्वयंपाकघरातला तेलाचा डबा घे."

"ऑफिसात तेल कशाला हवंय तुम्हाला?"

"तेल नकोय. डब्यावरचं वाचून दाखव."

"थांबा, चष्मा शोधते."

अख्खा छापखाना फोनभोवती श्वास रोखून उभा राहिला. पलीकडे कपाट उघडलं, झाकण पडलं, ते घरंगळत लांब गेलं. "सापडला. डोक्यावरच होता. हं, संपृक्त मेद पंधरा. संपृक्त म्हणजे काय हो?"

"वाईट मेद. पुढे?"

"एकल असंपृक्त बेचाळीस. हे?"

"ते चांगलं. पुढे, पुढे!"

"बहु... थांबा, इथे ओघळ आलाय. पुसते. त्रेचाळीस."

पंधरा, बेचाळीस, त्रेचाळीस. बरोबर शंभर! मशीनवाल्याने टाळीच वाजवली. पण संगणकावर लेबलं जुळवणाऱ्या बाईंचा चेहरा मात्र उतरला.

"काका," त्या म्हणाल्या, "हा एक्कावन्न मी कालच कुठेतरी टाकलाय. बटरच्या वेष्टनावर, बहुतेक. दोन्ही कामं एकदम उघडी होती माझ्याकडे."

बटरचं काम पडद्यावर आलं. एकूण मेद ऐंशी, संपृक्त त्रेचाळीस. काकांनी खालचे सगळे आकडे मिळवले. बहात्तर!

"तेलात आठ जास्त आणि बटरमध्ये आठ कमी!" काका जवळजवळ नाचलेच. "आकड्यांची अदलाबदल झालीय! अगं, आहेस ना फोनवर? बटरही आपण हेच आणतो. त्याचं पाकीट बघ!"

"संपलं ते सकाळी. तुम्हीच संपवलंत."

"वेष्टन कुठाय?"

"कचऱ्याच्या डब्यात."

"काढ!"

"अहो, काहीतरीच काय!"

"काढ म्हणतो ना!"

थोडी खुडबुड झाली, मग तिचा आवाज आला. "संपृक्त एक्कावन्न. एक्कावन्न? म्हणजे हे ते वाईटच ना हो?"

"वाईट, एकदम वाईट! शाबास!" म्हणून काकांनी फोन ठेवला. "बटरची वेष्टनं कुठे आहेत?"

उत्तर अंगणातून आलं. टेंपो सुरू झाल्याचा आवाज.

काका एका चपलेनिशी धावले. त्यांच्यामागे मालक, मालकांमागे बाई, बाईंमागे मशीनवाला. टेंपो फाटकाशी पोचला होता. काका दोन्ही हात पसरून त्याच्यासमोर उभे ठाकले. कचकन ब्रेक लागला.

"काका, मरायचंय का?" ड्रायव्हर खिडकीतून ओरडला.

"तुझ्या टेंपोत आठ ग्रॅम कमी आहेत!"

ड्रायव्हरने घाबरून मागच्या गठ्ठ्यांकडे पाहिलं. "मी हातसुद्धा लावला नाही हो. शपथ!"

मालकांनी कंपनीला कळवलं, टेंपो थांबवून ठेवला. दोन्ही कामं नव्याने छापून निघाली तेव्हा सात वाजले होते. मालकांनी सगळ्यांसमोर काकांची पाठ थोपटली आणि त्यांना स्वतःच्या गाडीतून घरी सोडलं. आठवण म्हणून तेलाचं एक कोरं करकरीत लेबल काकांनी घडी घालून खिशात ठेवलं होतं.

घरी बायकोला सगळं रंगवून सांगतच ते जेवायला बसले. ताटात उकडलेली भाजी होती आणि कोरडा पाव.

"बटर आणलं नाहीस?"

"एक्कावन्न," ती म्हणाली.

"आणि भाजीत तेल?"

"एका मोठ्या चमच्यात एकशे वीस कॅलरी. तेही लिहिलंय डब्यावर. तुमचा फोन आल्यावर मी एक एक करून घरातली सगळी लेबलं वाचून काढली. काय काय लिहिलेलं असतं हो! वाचायला छान वाटतं." तिने चष्मा नाकावर नीट बसवला. "एक विचारू? 'शुद्ध' लिहिताना द आधी की ध आधी?"

"द आधी. द ला ध जोडायचा."

"मग डब्यावर 'शुध्द तिळाचं तेल' का आहे? ध ला द जोडलाय. एवढ्या मोठ्या अक्षरात!"

काकांचा घास हातातच राहिला. तो डबा गेल्या वर्षीचा. ते लेबल त्यांनीच तपासलं होतं. आणि आज? आज बेरजेच्या नादात अक्षरं वाचायचीच राहिली होती. टेंपो केव्हाच गेला होता. त्यांनी हळूच खिशातली घडी ताटाआड उलगडली, एकदा पाहिली आणि पुन्हा खिशात सारली.

"काय हो? काय झालं?"

"काही नाही," काका म्हणाले. "भाजी फार छान झालीय. अजून थोडी वाढ."