आदिमानव का उठला?

ऋतुमान एकाएकी पालटले असता काय करावे, याविषयी मनुष्यजातीचे अद्याप एकमत झालेले नाही. मेंढ्यांचे फार पूर्वीच झाले आहे.

ही उणीव भरून काढण्यासाठी सन १९३१ साली सोलापुरात आमचे आदिमानव संशोधक मंडळ निघाले. सभासद पाच : तीन वकील, एक घड्याळजी आणि मी (चिटणीस, कारण अक्षर बरे). मंगळवेढ्याकडील एका कोरड्या ओढ्यात आम्ही खड्डा घेतला. ओढ्यातच का, तर माती मऊ. (शास्त्रात याला स्थलनिश्चिती म्हणतात.)

तीन महिन्यांत सापडले ते असे : दगडाच्या कपच्या अठ्ठेचाळीस, चुलीची राख ओंजळभर आणि राखेवर हातभर गाळ. एवढ्यावरून मी एकशे बारा पानांचा निबंध सिद्ध केला. हजारो वर्षांपूर्वी पाऊसमान अचानक फिरले आणि आदिमानव पेटती चूल टाकून चालता झाला, हा सिद्धांत. उठण्यापूर्वी त्याने कसकसा विचारविनिमय केला, यावरच चाळीस पाने होती. अक्कलकोटचे एक निवृत्त हेडमास्तर हा निबंध ऐकून मला आपली मुलगी देणार होते. प्रत एकच होती.

वाचनाच्या दोन दिवस आधी, आम्ही खड्ड्यात बसलो असता, केराबाई नावाची धनगरीण काठावर थांबली.

"बाबा, उठा हितनं. वर लई पडलाय. मेंढरं सकाळधरनं वढ्यात पाय घालंनात."

येथे थेंबही नाही आणि मेंढ्यांचे मत हा पुरावा नव्हे, असे मी तिला समजावले. मग तुमी हुडकताय काय, असे तिने विचारले. आदिमानवाला उठण्याची वेळ कशी कळली, ते, मी म्हणालो.

"कुणीतरी ऊठ म्हणलं आसंल की. आन् त्यो उठला आसंल."

यामुळे चाळीस पाने धोक्यात आली. खड्ड्यातच तातडीची सभा भरवली. उठण्याचा ठराव आला, अनुमोदन मिळाले, 'उठावे'च्या आधी 'यथावकाश' घालावे अशी दुरुस्ती आली. दोन विरुद्ध दोन मते पडली आणि अध्यक्ष निर्णायक मत देण्यास उभे राहिले, तोच लोंढा आला.

केराबाईने घोंगडे खाली सोडून आम्हा पाचांना एकेक करून वर ओढले. निबंध भीमेकडे गेला. ओढ्यातून उठायला ज्याला ठराव लागतो, त्याच्या घरी मुलगी देववत नाही, असे हेडमास्तरांनी कार्डाने कळवले.

खड्ड्यावर आता हातभर गाळ आहे.

उठले त्यांचा वंश टिकला आणि बसून राहिले त्यांचा खुंटला, असा निबंधाचा समारोप होता. परंतु वाचक महाराज, बाहेर आभाळ कसे आहे हे न पाहता आपण बसल्या जागी येथवर वाचत आलात. तेव्हा तो भाग मी मागे घेतो.