आधी ओ द्या

आमच्या समोरच्या फ्लॅटातला हेमंत तुमच्या नाकासमोर उभा असला तरी आधी हाक मारायचा. "नाना?" म्हणायचा आणि गप. तुम्ही "ओ" म्हणेपर्यंत पुढचं अक्षर नाही. "अरे दिसतोय ना मी तुला? बोल की!" म्हटलं तर मान हलवायचा. "दिसण्याचं काय खरं? आधी ओ द्या."

भाजीवाल्याशी तेच, वॉचमनशी तेच. मुलगी बघायला गेला तर तिलाही विचारलं, "घरात तुम्हाला कुठल्या कुठल्या नावानं हाक मारतात? सगळ्यांना ओ देता का?" मुलीचा बाप म्हणाला, "साहेब, हजेरी घ्यायला आलात का?" पोहे अर्धे ताटलीत राहिले. परत आला आणि मला म्हणाला, "लाल."

हे हिरवं-लाल त्याच्या नोकरीतलं. मी चौथी शिकलेला माणूस. मखमलाबादला गुलाब आणि शेवंती लावली, मी आणि बायकोनं मार्केटात बसून विकली, वावर गेलं तेव्हा सिडकोत हा फ्लॅट घेतला. मला कॉम्प्युटरचं काय कळणार? पण दोन हजार सालाच्या मागंपुढं तो राहायला आला तेव्हा विचारलं होतं, "अंबडच्या कंपनीत करतोस काय?"

"हाका मारतो."

"आणि त्याचा पगार देतात?"

"प्रोग्राममधली एक वस्तू काढून तिच्या जागी दुसरी बसवतात, नाना. जुनी ज्या ज्या हाकेला ओ देत होती, त्या सगळ्यांना नवीननंही दिली पाहिजे. मी हाका एकदा लिहून देतो, पुढं मशीन आपोआप मारत बसतं. सगळ्यांना ओ आली की हिरवं. एक चुकली की लाल. मग ती वस्तू बसवायची नाही."

"आणि आत काय भरलंय ते?"

"ते बघणारे दुसरे. मला फक्त ओ पाहिजे."

माझा चहा त्याच्याकडं कधी हिरवा झाला नाही. साखर लय, म्हणायचा.

माझी बायको सिंधू गेली तेव्हा तो डबा घेऊन आला. "नाना?" मी भिंतीकडं तोंड करून बसलेलो. "नाना?" मला कोणाचं तोंड बघायचं नव्हतं. "लाल," पुटपुटला आणि फरशीवर फतकल मारून बसला. उठेचना. शेवटी मी कडक शिवी हासडली. तेव्हा उठला. "चालेल," म्हणाला, "शिवी पण ओच."

खरा घोर लागला तो त्याची आई आल्यावर. नामपूरची म्हातारी, बोलणं सगळं अहिराणी. हेमंतचे आबा वारले आणि वर्षाच्या आत ते वारलेत हेच तिच्या डोक्यातून पुसलं गेलं. दिवेलागणीला आतून हाक मारायची, "ओ हेमंतना बाऽप!" ओ आली नाही की त्यांना शोधायला निघाली, अनवाणी. एकदा मला थेट हायवेवर सापडली. ट्रकवाले हॉर्न मारतायत आणि ही बाई मधोमध उभी राहून नवऱ्याला हाका मारतेय. दाराला कुलूप लावून पाहिलं, तर दारावर डोकं आपटायला लागली.

उन्हं उतरली की माझे कान जिन्याकडं लागायचे. जिन्यात नुसतं काही वाजलं तरी दार उघडून बघायचो.

हेमंतनं डोकं चालवलं. स्वतःच्या आवाजात थांबून थांबून "ओ" टेप केली आणि टेपरेकॉर्डर गॅलरीत ठेवला. म्हातारी खुश. मग तिनं विचारलं, "गाय बांधी का?" टेप म्हणाली, "ओ." "पानी पिना का?" "ओ." म्हातारी घाबरली. "याले काय व्हयनं?" म्हणत डॉक्टर शोधायला जिना उतरायला लागली.

दुसऱ्या दिवशी हेमंत माझ्या दारात. "नाना?"

"ओ."

"आबांच्या जागी तुम्ही बसता का? मला ती पाठमोरा पण ओळखते."

मी भडकलो. "मेलेल्या माणसाच्या नावाला मी ओ देऊ? जीभ झडंल माझी!"

"मग उद्या तिला हायवेवरून गोळा करून आणू?"

मी दार लावलं नाही. त्यालाच तो हो समजला आणि लगेच तपासणी सुरू. स्वतः आई झाला.

"हेमंतना बाप!"

"काय आहे?"

"लाल. आबा 'काय आहे' म्हणायचे नाहीत. गाय बांधी का?"

"तिसऱ्या मजल्यावर कुठली गाय रे?"

"लाल! नुसतं 'हाव' म्हणा, नाना. पाया पडतो."

संध्याकाळी मी त्यांच्या गॅलरीत आतल्या बाजूला पाठ करून बसलो. तिनं ओळखलं तर? मग परत कशावरच विश्वास ठेवणार नाही, हे मला दिसत होतं.

"ओ हेमंतना बाऽप!"

सिंधू गेल्यापासून घराच्या आतून मला कोणी हाक मारली नव्हती.

"ओ," मी म्हणालो.

"गाय बांधी का?"

"हाव."

"पानी पिना का?"

"हाव."

दाराआडून हेमंतनं अंगठा वर केला, तो मला गॅलरीच्या काचेत दिसला. तेवढ्यात म्हातारी म्हणाली, "इतला दिन कथा व्हतात?"

इतके दिवस कुठं होतात? हे त्याच्या हाकांत नव्हतंच. अंगठा तसाच वर राहिला. म्हातारीचे पाय दाराकडं वळलेले मला काचेत दिसले. मार्केटात बागलाणातल्या लोकांत बसून मला दोनचार शब्द येत होते, तेच काढले.

"आठेच व्हतू."

इथंच होतो. ती थांबली.

"मंग ओ देवानी ना," म्हणाली, आणि भिंतीला टेकून खाली बसली.

त्यानंतर म्हातारी होती तोवर रोज दिवेलागणीला मी गॅलरीत बसलो. ती गेली ती घरात, अंथरुणावर गेली. रस्त्यावर नाही.

तिचं सगळं आटोपल्यावर एका संध्याकाळी मी सवयीनं दार उघडलं. समोर हेमंत उभा. मी "नाना?"ची वाट बघत राहिलो. तो चपलेच्या अंगठ्याकडं बघत होता.

"आबा?" इतक्या हळू म्हणाला की नसतं ऐकू आलं तरी चाललं असतं.

"ओ."

हिरवं म्हणाला नाही, लाल म्हणाला नाही. पुढं विचारायला त्याच्याकडं काहीच नव्हतं.

म्हणून मग मीच आबांच्या बोलीत विचारलं, "जेवना का रे?"