दोन सूर्यांचा सासरा

वगदीच्या घरी शुक्रवारचं जेवण आटोपलं होतं. माशांच्या भाताची परात तळ दाखवत होती, आणि होणारे सासरे शौकी अब्दुल-बारी बाल्कनीतल्या वेताच्या खुर्चीत, तोंडावर वर्तमानपत्र पांघरून घोरत होते. खाली सुएझ कालव्यातून एखादं जहाज भोंगा वाजवत गेलं की तेवढ्यापुरतं घोरणं थांबे, आणि जहाज गेलं की पुन्हा सुरू होई. लग्न ईदनंतर ठरलं होतं. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं, की वगदीला आपल्या कामाबद्दल बोलायची हुक्की आली. तिथंच माशी शिंकली.

म्हणजे सुरुवात त्यानं केली नव्हती. होणाऱ्या सासूबाई सौसन, ज्यांना तो तांत, म्हणजे मावशी म्हणे, कॉफीचा शेवटचा घोट घेता घेता म्हणाल्या होत्या, "काय रे बाशमुहंदिस, लग्नानंतरही दिवसभर त्या पेटीसमोरच बसणार का? आमची दालिया सकाळी ऑफिसात जाते, संध्याकाळी दमून येते. तू घरात बसून नक्की करतोस तरी काय?"

इंजिनियराला पोर्ट सईदमध्ये सगळेच 'बाशमुहंदिस' म्हणतात. पण तांत सौसन तो शब्द असा काही उच्चारायच्या, की ऐकणाऱ्याला वाटावं, या माणसाला अजून पदवी मिळायची आहे.

"तारे बनवतो," वगदी म्हणाला.

"काय?"

"तारे. आणि त्यांच्याभोवती फिरणारे ग्रह. खरे नाहीत, खोटे. एका परदेशी कंपनीच्या खेळासाठी प्रोग्राम लिहितोय. कुठलंही नाव टाकायचं. त्या नावाच्या अक्षरांवरून एक आकडा निघतो आणि त्या आकड्यावरून एक अख्खा तारा, त्याचे ग्रह, हवा, समुद्र, चंद्र. सगळं आपोआप."

वगदीच्या आई, हाज्जा फौकिया, तोवर सौसनबाईंचा कप बशीवर उपडा घालून मोकळ्या झाल्या होत्या. कॉफीच्या गाळात माणसाचं नशीब वाचणं हा त्यांचा जुना छंद. आज मात्र सौसनबाईंनी कप बाजूला सारला.

"कप राहू दे, हाज्जा. मुलाची पेटी बघू. टाक माझं नाव."

वगदीनं लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर आणला. नाव टाकलं. पडद्यावर बारीक इंग्रजी अक्षरांच्या ओळी झरझर उमटल्या. चित्रं काढायचं काम अजून बाकी होतं. सौसनबाईंना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून त्यानंच वाचून दाखवलं. "एक पिवळा तारा. त्याचा तिसरा ग्रह, सौसन. हवा समशीतोष्ण. पाचूसारखे समुद्र. एक चंद्र. वादळं नाहीत."

"वादळं नाहीत?" हाज्जा फौकियांना ठसका लागला.

"नाहीतच मुळी," सौसनबाई फुलून म्हणाल्या. "बघितलंस दालिया? यंत्राला कळतं, माणसांना कळत नाही. आता ह्यांचं टाक. शौकी."

वगदीनं 'शौकी' टाकलं. त्याला एकच वाईट खोड होती: पडद्यावर जे दिसेल ते तो जसंच्या तसं वाचायचा.

"मोठा ग्रह आहे. जाडजूड वातावरण..." इथपर्यंत सगळ्या हसल्या. "...आणि याला सूर्य दोन आहेत."

"दोन?"

"असतात काही ग्रहांना, तांत. फार सुंदर रचना असते ती! काही दिवस या सूर्याच्या उजेडात, काही दिवस त्या सूर्याच्या. दोघींपासून पुरेसं अंतर ठेवून तो गुपचूप फिरत राहतो."

'दोघांपासून' म्हणायचं होतं. जीभ घसरली. टेबलाखालून दालियानं त्याच्या पायावर लाथ मारली तेव्हा बोलून झालं होतं.

बाल्कनीतलं घोरणं अगदी स्पष्ट ऐकू येऊ लागलं.

सौसनबाई थंड आवाजात म्हणाल्या, "पुन्हा टाक."

"पुन्हा टाकून काय होणार? हजार वेळा टाका, हेच येणार!" वगदीचा अभिमान उफाळून आला. या प्रोग्राममधली हीच तर त्याची खरी कमाई होती. "एका नावाला एकच आकाश. आज टाका, वर्षानं टाका. तसूभर फरक पडणार नाही."

त्यानं पुन्हा टाकलं. दोन सूर्य. परत टाकलं. दोन सूर्य. आणि चौघांच्याही चेहऱ्याकडे पाहिल्यावर, म्हणजे स्वतःचाही चेहरा काळ्या पडद्यात दिसल्यावर, त्याला उमगलं की आपण नेमकं काय सिद्ध करून बसलोय.

"कप दर वेळी वेगळं सांगतो," हाज्जा फौकिया भारावून म्हणाल्या. "हे आपल्या शब्दावरून हलतच नाही!"

"आई!"

"दर गुरुवारी," सौसनबाई स्वतःशीच बोलावं तसं म्हणाल्या, "दर गुरुवारी फेरीबोटीत बसून पलीकडे जातात. पोर्ट फुआदला. कशाला, तर म्हणे मित्राकडे डॉमिनो खेळायला. परत येतात ते जेवत नाहीत. म्हणतात, भूक नाही. डॉमिनो खेळून कुणाचं पोट भरतं का गं?"

"या लह्वी!" हाज्जा फौकियांनी गालावर चापट मारून घेतली. "दुसरं घर केलं की काय बाबानं!"

"तांत, भलता ग्रह करून घेऊ नका!" वगदी ओरडला.

"ग्रह तूच करून दिलास, बाशमुहंदिस!"

वगदीनं डोकं चालवायचा प्रयत्न केला. "हे बघा, नुसतं 'शौकी' टाकलं ना आपण? या देशात लाखो शौकी आहेत. त्या सगळ्यांना हाच ग्रह येणार. मग काय सगळ्या शौकींना दोन बायका आहेत?"

"असतीलही," हाज्जा फौकिया म्हणाल्या. "त्या नावाचे पुरुष मी बघितलेत."

"मग पूर्ण नाव टाक," सौसनबाईंनी फर्मावलं. "बापाच्या नावासकट. दुसऱ्या कुणाचं येता कामा नये."

वगदीनं 'शौकी अब्दुल-बारी' टाकलं. ओळी उमटल्या आणि त्याचा जीव भांड्यात पडला. "एकच सूर्य! बघा, एकच! शांत, म्हातारा तारा. आणि ग्रहाला एक..."

दालियानं पुन्हा लाथ मारली. ती शेजारीच बसली होती आणि जहाज कंपनीच्या ऑफिसात दिवसभर इंग्रजीच वाचत असल्यामुळे पुढची ओळ तिनं आधीच पाहिली होती. पण वगदीची खोड.

"...एक छोटासा चंद्र. ग्रहाच्या आड दडलेला. सूर्याला तो कधीच दिसत नाही."

मग सौसनबाई हळूच खुर्चीत टेकल्या.

"मूल," त्या म्हणाल्या. "मूलसुद्धा आहे."

त्यानंतर घरात जे झालं त्याला वादळ म्हणता येणार नाही, कारण त्या ग्रहावर वादळं नव्हती. पण सौसनबाई उठल्या, त्यांनी दालियाचा हात धरला आणि म्हणाल्या, "काढ ती अंगठी! ज्या घरात माझ्या संसाराची राख झाली, त्या घरात मी मुलगी देणार नाही. आणि माझ्या भावाला फोन लाव. टगबोटीवर कप्तान आहे तो. भली भली जहाजं ओढतो, तुझ्या बापाला ओढायला त्याला कितीसा वेळ लागणार!"

"आई, अगं तो खेळ आहे! पोरांचा खेळ!"

"अंगठी!"

खारट मासे खाऊन दालियाची बोटं सुजली होती. अंगठी हलेना. सौसनबाई ओढताहेत, दालिया "आई गं" करतेय, आणि हाज्जा फौकिया इतक्या हादरल्या होत्या, की आपण काय करतोय हे कळायच्या आत त्या मोरीतून साबण घेऊन आल्या.

"आई, तू कुणाच्या बाजूनं आहेस?" वगदीनं कपाळाला हात लावला.

"मला वाटलं, तिच्या बोटाला लागेल," हाज्जा फौकिया रडकुंडीला येऊन म्हणाल्या.

आता एकच उपाय होता. सासऱ्यांना उठवायचं, त्यांनी हसून "काय वेड्या बायका!" म्हणायचं आणि सगळं मिटायचं. वगदी बाल्कनीत धावला, त्यानं दार लोटून घेतलं आणि तोंडावरचं वर्तमानपत्र उचललं.

"अम्मो! अम्मो शौकी, उठा. ऐका, घाबरू नका, मूर्खपणा आहे नुसता. तांत म्हणताहेत, पोर्ट फुआदला तुमचं कुणीतरी आहे."

शौकींनी डोळे उघडले. त्या भरदार, लालबुंद चेहऱ्यावरचा रंग वरून खाली उतरत गेला.

"कुणी पाहिलं मला?" त्यांनी विचारलं.

वगदीनं मागं वळून दार नीट लागलंय का ते पाहिलं. आजवर आपल्या प्रोग्राममध्ये चुका आहेत याची त्याला भीती वाटायची. त्यात चूक नसेल ही भीती आज पहिल्यांदा वाटली.

"म्हणजे... आहे कुणी?"

"हळू बोल! किती कळलंय तिला?"

"दोन सूर्य. आणि एक लपलेला चंद्र."

"चंद्र?" शौकींनी क्षणभर विचार केला. "ती मांजर असेल."

तोवर दार उघडून सौसनबाई बाहेर आल्या होत्या. मागे साबणाच्या फेसानं माखलेला हात धरून दालिया, आणि तिच्यामागे साबण हातात तसाच घेऊन हाज्जा फौकिया. छोट्याशा लाकडी बाल्कनीत पाच माणसं दाटली. फळ्या कुरकुरल्या. खालच्या रस्त्यावर पावाच्या टोपल्या नेणारा एकजण सायकलवरून उतरून वर पाहू लागला.

"कोण आहे ती?" सौसनबाईंनी विचारलं.

शौकी उठून उभे राहिले. कोर्टात उभं राहावं तसे. "सौसन, मी तुला सांगणारच होतो."

"कोण आहे?"

"इस्मत."

"कोण इस्मत?" हाज्जा फौकियांनी कुजबुजत विचारलं.

"आत्या," दालिया म्हणाली. तिचेही डोळे विस्फारले होते. "बाबांची बहीण."

दालियाच्या जन्मानंतर सातव्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलं होतं. तेव्हा सौसनबाईंनी केलेला भात इस्मतबाईंनी एक घास खाल्ला आणि सगळ्यांदेखत मीठ मागितलं. त्या दिवसापासून सौसनबाईंच्या घरात ते नाव कुणी उच्चारलं नव्हतं. शौकींनीही नाही. दालियाला ते बाहेरच्या नातेवाइकांकडूनच कळलं होतं.

"एकटी असते गं," शौकी म्हणाले. "ती आणि एक मांजर. गुडघे गेलेत. मी गुरुवारी जातो, भाजी आणून देतो, ती दोन घास करते, ते खातो. एवढंच. डॉमिनो मला येत नाही, सौसन."

वगदीनं सुस्कारा सोडला. दालियाचे डोळे भरून आले. हाज्जा फौकिया तर "बिचारी!" म्हणून साबणाच्याच हातानं डोळे पुसायला गेल्या आणि ओरडल्या. सगळ्यांना वाटलं, मिटलं.

सौसनबाईंनी कठडा घट्ट धरला होता.

"बहीण?" त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज चढत चालला. "इतकी वर्षं, दर गुरुवारी, तिच्या हातचं जेवता? आणि माझ्याकडे येऊन भूक नाही म्हणता? अहो, दुसरी बायको केली असतीत तर मी समजून घेतलं असतं! लोकांनी समजून घेतलं असतं! पण इस्मत? इस्मतच्या हातचं?"

खालचा सायकलवाला टोपल्या सांभाळत भिंतीला टेकला. आता काही तो जाणार नव्हता.

"टाक," सौसनबाई गर्रकन वगदीकडे वळल्या. "तिचं नाव टाक. मला बघायचंय."

नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती. पुन्हा सगळे टेबलाभोवती जमले. वगदीनं 'इस्मत अब्दुल-बारी' ही अक्षरं अशी टाकली, की जणू स्वतःच्याच शिक्षेवर सही करतोय. पडदा त्यानं शक्य तितका आपल्याकडे वळवला. ओळी उमटल्या. त्या त्यानं मनात वाचल्या. शांत निळे समुद्र. वर्षातून दोनदा वसंत. सुपीक जमीन. वस्तीला सर्वांत योग्य, असा शेरा प्रोग्रामनं आजवर कुठल्याच ग्रहाला दिला नव्हता. तो इथं दिला होता.

"वाच की!"

वगदीनं शेजारी बसलेल्या दालियाकडे पाहिलं. तिच्या बोटातली अंगठी सांध्यापाशी येऊन अडकली होती.

"होरपळलेला ग्रह," वगदीनं वाचायला सुरुवात केली. "गंधकाचा पाऊस पडतो. हवा विषारी. पाणी नाही. आणि जमीन... जमीन खारट आहे."

"खारट?" सौसनबाई पुढे झुकल्या.

"अतिशय खारट, तांत. पाय ठेवला तर करकरते."

सौसनबाई हळूहळू मागे टेकल्या. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं, की ते दालियानंही कधी पाहिलं नव्हतं.

"मीठ हवं होतं ना तिला," त्या म्हणाल्या. "घे म्हणावं!" आणि थोड्या वेळानं, वेगळ्याच सुरात, "बिचारी. अशा ठिकाणी दुसरं कोण जाणार? तुम्हीच जायला हवं. जा तुम्ही गुरुवारी, आणि आजही जा. पण हात हलवत जाऊ नका. हाज्जा, तो मासा उरलाय ना गं, बांधून दे थोडा. आणि लग्नाला बोलवा तिला. कोपऱ्यात बसेल. फक्त भात तिच्यापुढे आणू नका."

शौकींना यातलं काहीच कळलं नव्हतं. पण बायकोचा सूर बदललाय एवढं कळायला त्यांना पडद्याची गरज नव्हती. त्यांनी माशाचं पुडकं उचललं, जोडे पायात सरकवले आणि तिचा विचार बदलायच्या आत जिन्याकडे निघाले. सौसनबाई त्यांच्यामागे, मीठ जपून वापरायचं असतं याबद्दल काहीतरी बोलत.

दालिया दारात रेंगाळली. अंगठी तिनं फेसावरून पुन्हा बोटात सरकवली होती.

"शांत निळे समुद्र," ती हळूच म्हणाली. "वर्षातून दोनदा वसंत."

वगदीनं मान खाली घातली. "मला सुचलंच नाही दुसरं काही."

"वाईट नव्हतं. 'पाय ठेवला तर करकरते' फार छान होतं." तिनं त्याच्याकडे रोखून पाहिलं. "एक सांग. माझं नाव कधी टाकून बघितलंस?"

"नाही," वगदी पटकन म्हणाला. "कधीच नाही."

दालियानं मान डोलावली, पदर सावरावा तसा डोक्यावरचा रुमाल नीट केला आणि जिना उतरता उतरता म्हणाली, "आजचं हे दुसरं खोटं."