जप्तीतलं मखर

वीरुपाक्ष सकाळपासून पालिकेच्या व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होता. स्वच्छता निरीक्षक खरा, पण तीन वर्षं तात्पुरताच. गेल्या विसर्जनानंतर थर्माकोलच्या तुकड्यांनी गावची गटारं तुंबली, म्हणून यंदा पालिकेनं सार्वजनिक जागेत थर्माकोलला बंदी घातली होती. आणि मुख्याधिकारी दिनकरराव साहेबांनी त्याला बजावलं होतं, "चतुर्थीला संध्याकाळपर्यंत एक तरी केस आणा. मग तुमच्या कायम होण्याचं बघू."

आता सांगा, अशा माणसाचा पाय एका जागी ठरणार कसा?

अकरा वाजता चौकातून हातगाडा आला. गाड्यावर चारठाण्याच्या जुन्या देवळासारखं खांबाखांबांचं, पण पांढऱ्याशुभ्र थर्माकोलचं मखर, आत गणपती, मागं मंडळाचा अध्यक्ष रंगनाथ आणि बन्सीधर गुरुजी. वीरुपाक्षानं गाडा सरळ पालिकेत वळवला.

"साहेब, महिनाभर खपलोय ह्याच्यापायी," रंगनाथ म्हणाला.

"जप्ती हाय ही. गुमान उभं राहा."

वीरुपाक्ष पंचनामा लिहायला बसला. खांब किती, कळस किती, मान खाली घालून मोजत सुटला. एखादा खांब राहिला तर केस बाद होईल, ह्या धास्तीनं त्याला दरदरून घाम फुटला होता.

"गाडा दुसऱ्याचा हाय, साहेब. मखर तुमच्या टेबलावर ठिवू का?" रंगनाथनं विचारलं.

"ठेवा."

"काडीपेटी हाय का जरा?" गुरुजींनी विचारलं.

त्यानं मान वर न करता खिशातली काढून दिली.

"नारळ पायरीवर फोडला तर चालंल?"

"फोडा, पण मधी मधी बोलू नका."

शेवटच्या कळसाची नोंद करून त्यानं मान वर केली, तर शंख वाजत होता.

"हे काय करायलाव?"

"प्राणप्रतिष्ठा झाली," गुरुजी पंचांग मिटत म्हणाले. "मुहूर्त टळायलाता. मला अजून अकरा घरं करायचीत."

"मग उचला आता."

"बसलेला देव विसर्जनापातूर हलवत न्हाईत. तुमाला ठावं हाय की."

ठाऊक होतं, हीच तर पंचाईत होती. देवाला हात लावायची त्याची छाती नव्हती. त्यानं पंचनामा रंगनाथपुढं सरकवला.

"मी कशाला सही करू? मखर तुमच्या ताब्यात, टेबल तुमचं, जागा पालिकेची. तुमीच लिवलंय."

वीरुपाक्षानं वाचून पाहिलं. खरंच तसं लिहिलं होतं, त्याच्याच अक्षरात.

चार वाजता व्हरांड्यात चपलांचा ढीग लागला. बाया ओवाळायला आल्या. वीरुपाक्ष आतून बाहेर, बाहेरून आत करत राहिला. नोकरी गेली, असं त्यानं धरूनच ठेवलं होतं. पाचला साहेब आले, त्यांनी चपला काढल्या, देवाला हात जोडले आणि विचारलं, "केस?"

वीरुपाक्षानं कागद दिला. आरोपीच्या रकान्यात, दुसरा इलाज नव्हता म्हणून, त्यानं स्वतःचंच नाव घातलं होतं.

साहेबांनी कागद दोनदा वाचला. "स्वतःलासुद्धा न सोडणारा माणूस ह्या पालिकेत पहिल्यांदाच बघतोय मी," असं म्हणून त्यांनी कायम केल्याच्या हुकमावर तिथंच सही ठोकली. वीरुपाक्षाचे डोळे भरून आले. तीन वर्षं ह्या कागदासाठी तो झुरला होता.

"आता हा दुसरा घ्या," साहेब म्हणाले. "निलंबनाचा. कायम माणसावर केस असली की निलंबित करावंच लागतं. तात्पुरते असता, तर नुसती समज देऊन सोडलं असतं."

वीरुपाक्षानं दोन्ही कागदांची पोच सही करून दिली.