मानाची मोटार

सन १९३४च्या डिसेंबरात मावळ तालुक्याच्या कचेरीत एक इंग्रजी अर्ज आला. इटली देशातील ‘बेलोत्ती आणि मंडळी’ या मोटार कारखान्याला आपल्या शर्यतीच्या धर्तीच्या तीन नव्या मोटारी लोणावळ्यास आणायच्या होत्या आणि मुंबई-पुण्याच्या सहा निवडक गिऱ्हाइकांना त्या स्वतः हाकून पाहू द्यायच्या होत्या. लोणावळ्याहून वडगावपर्यंत जायचे आणि परत यायचे, एवढाच कार्यक्रम. मोटार ताशी ऐंशी मैल धावते, असे अर्जात म्हटले होते. अव्वल कारकुनांनी त्या ऐंशीखाली तांबड्या शाईने रेघ ओढली, समासात ‘कशासाठी?’ असे लिहिले आणि अर्ज माझ्याकडे सरकवला.

मी म्हणजे हौशीराम, हंगामी कारकून. हा हंगाम अकरा वर्षे चालू होता. माझे सासरे अजूनही चारचौघांत माझी ओळख ‘सध्या कचेरीत असतात’ अशी करून देत, आणि त्यातला ‘सध्या’ मला फार लागे. मामलेदारसाहेबांनी मला बोलावून सांगितले, “हौशीराम, या कामी तालुक्यातून एकही तक्रार आली नाही, तर तुम्हाला कायम करावे अशी शिफारस मी वर पाठवतो. मोटारी धावल्या की नाही, हे मला कोणी विचारणार नाही. तक्रार का आली, हे मात्र विचारतील.”

तक्रार येऊ नये म्हणून आधीच विचारून घेतलेले बरे, हे मी अकरा वर्षांत शिकलो होतो. रस्त्यावरच्या प्रत्येक गावाला मी लेखी विचारणा केली: सदरहू मोटारी आपल्या शिवेतून जाण्यास कोणाची काही हरकत आहे काय? तोपर्यंत कोणाचीच नव्हती. त्या रस्त्याने मोटारी रोज जात होत्या आणि लोक त्यांच्याकडे मान वळवूनही पाहत नव्हते. पण सरकार विचारते आहे म्हटल्यावर ‘हरकत नाही’ असे उत्तर देणे कुसरवाडीला कमीपणाचे वाटले.

कुसरवाडी लोणावळ्याला लागूनच. तिची शीव रस्त्याला तीन मैल चिकटून चालते. हरकत समजून घ्यायला मी स्वतः गेलो. कोंडाजी पाटील, पाटील घराण्याच्या थोरल्या पातीचे म्हणजे शाखेचे, ओट्यावर तंबाखू मळत बसले होते.

“मोटारी जाऊ द्या की, भाऊसाहेब. आमी कुटं अडवतोय?” ते म्हणाले. “पर नव्या गाड्यांची रांग शिवंतनं निघाली, तर म्होरली गाडी पाटलाची. बाकीच्यांनी मागनं यायचं. पोळ्याला बैलं अशीच निघत्यात, वऱ्हाड बी असंच निघतं.”

“पण पाटील, या मोटारी विकत घेणाऱ्या लोकांसाठी आहेत.”

“घेऊ द्या की. आमी घेऊ नका म्हनतोय का? मागनं घ्या म्हनतोय.”

यात गैर असे काही नव्हते. पहिल्या मोटारीत पाटील बसतील, तीन मैल जातील, उतरतील, मग गिऱ्हाइकांनी काय धावायचे ते धावावे. मी तसा कागद केला आणि समाधानाने चहा घेतला. तो घशाखाली उतरतो न उतरतो तोच धाकट्या पातीचे रखमाजी पाटील समोर येऊन उभे राहिले. मानाचा बैल कोणाचा, हा या दोन पातींचा दावा वडगावच्या कोर्टात त्यांच्या आज्यांपासून चालू होता, ही गोष्ट मला त्या दिवशी कळली.

“थोरल्याची मोटार म्होरं गेली,” रखमाजी शांतपणे म्हणाले, “तर तुमच्या कचेरीनं निकाल दिला असं हुईल. मी तक्रार करनार.”

तक्रार हा शब्द निघताच मी मघाचा कागद बाजूला ठेवला. मी विचारले, “मग पोळ्याला कसे करता?”

“दोनी बैलं जोडीनं. नाकाला नाक. म्होरं शेला धरायचा, दोनी टोकांना दोन माणसं. शेल्याच्या म्होरं कुनाचंच नाक जायाचं न्हाई.”

येणेप्रमाणे ठरले.

ठरल्या दिवशी लोणावळ्यात मांडव पडला. सहा गिऱ्हाइके कातडी टोप्या घालून आणि डोळ्यांवर मोठाले चष्मे चढवून आली. कारखान्याचे कारबोनीसाहेब उंच, हसरे गृहस्थ. आपल्या मोटारींवरून ते असा हात फिरवत की पाहणाऱ्यालाही माया वाटावी. त्यांचे इंग्रजी आम्हाला समजावून द्यायला लोणावळ्याचे इब्राहिम मिस्त्री होते. मुंबईच्या गॅरेजात दहा वर्षे काढलेला, तोलून बोलणारा माणूस.

तांबडी आणि पिवळी मोटार शेजारीशेजारी उभी केली. साहेबांनी कोंडाजींना अदबीने चाकापुढची जागा दाखवली. पाटील हलले नाहीत.

“त्येला सांगा, इब्राहिमभाई, मानकरी सोता हाकत न्हाई. गाडीवान हाकतो.”

तेव्हा तांबडी इब्राहिमभाईंनी आणि पिवळी इटलीच्या कारागिराने हाकायची ठरली. पाटील शेजारी बसले. आता दोन्ही मोटारींची नाके सारखी करायची, तर पिवळीचे नाक मुळातच चार बोटे लांब निघाले. मग नाके जुळवली की चाके पुढेमागे होत आणि चाके जुळवली की नाक. यावर दोन्ही पातींची तासभर बैठक झाली. अखेर तांबडीच्या नाकावर नारळ बांधून लांबी सारखी करण्यात आली.

शेला ताणला. एका टोकाला थोरल्या पातीचा माणूस, दुसऱ्या टोकाला धाकट्या पातीचा. त्या दोघांनीही एकमेकांच्या पुढे पाऊल टाकायचे नव्हते, म्हणून प्रत्येकजण दुसऱ्याने आधी टाकायची वाट पाहू लागला. माझी कोणतीच पाती नसल्यामुळे मी मधोमध चालत ‘डावा, उजवा’ म्हणायचे काम पत्करले. मागे तिसऱ्या, निळ्या मोटारीत खुद्द कारबोनीसाहेब होते; गिऱ्हाइके मांडवातच आपल्या पाळीची वाट पाहत बसली होती. ताशी ऐंशी मैलांच्या त्या मोटारी पहिल्या मैलाला सव्वा तास घेऊन पोचल्या. दोन्ही पाटील ताठ बसले होते आणि लोकांचे रामराम घेत होते. मी मोटारीत इतका खूश माणूस त्याआधी पाहिला नव्हता.

मागे बैलगाड्या तुंबल्या. एक गाडीवान ओरडला, “आरं, जरा हाना की! बैलं पेंगाया लागली!” तांबडीच्या नाकातून वाफ येऊ लागली. नारळ शिजतो की काय, अशी शंका आली. पाणी आणवले, तर ते आधी कोणत्या मोटारीत ओतायचे असा प्रश्न निघाला. दोन घागरी, दोन माणसे, एकाच वेळी. मी ‘ओता’ म्हणालो.

कारबोनीसाहेब मोटारीतून उतरले. त्यांचा चेहरा पाहून मला मनापासून वाईट वाटले. ते इब्राहिमभाईंशी बराच वेळ बोलले.

“साहेब इचारतोय,” इब्राहिमभाई म्हणाले, “ह्या रस्त्यावं आज त्येची एक तरी मोटार पळंल का?”

मी फायल उघडली. पुढे जाण्याची बंदी स्पष्ट होती. एवढ्यात समोरून बयाबाई आली. कुसरवाडीचीच म्हातारी, डोक्यावर कोंबड्यांची पाटी, निघाली होती लोणावळ्याच्या बाजाराला. आमची मिरवणूक पाहून ती रस्त्याच्या कडेला टेकली.

“व्हा की बाजूला, बाबांनो. माजा बाजार उठंल,” ती म्हणाली. “दोन कोंबड्या न्हाई इकल्या तर लेकीचं लुगडं ऱ्हाईल.”

इब्राहिमभाईंनी एकदा म्हातारीकडे पाहिले, एकदा निळ्या मोटारीकडे, आणि मला विचारले, “भाऊसाहेब, उलट्या अंगाला कुनाचा मान हाय का?”

मी दोन्ही पाटलांना विचारले. त्या दिवशी त्यांचे एकमत झाले ते या एकाच प्रश्नावर.

“मागं कुटं बी जाऊ द्या की,” कोंडाजी म्हणाले. “मागं कसला आलाय मान?”

कारबोनीसाहेबांनी टोपी काढून बयाबाईला वाकून नमस्कार केला, पाटीसकट आत बसवले, निळी मोटार जागच्या जागी वळवली आणि सोडली. तुंबलेल्या गाड्यांच्या कडेने ती अशी गेली की बैलांनी पहिल्यांदा माना वर केल्या. धूळ बसली तेव्हा रस्त्यावर फक्त चार पिसे होती. साहेबांचे हसणे मात्र वळणापलीकडूनही ऐकू येत होते. म्हातारीला बाजार सापडला. मोटार हाकून पाहणाऱ्यांच्या अभिप्रायाच्या वहीत त्या दिवशीची एकच नोंद आहे, तीही बाजारावरून परतताना म्हातारी वाटेत भेटली तेव्हा मी तिच्या सांगण्यावरून लिहिली: ‘वारं लय लागतं. कोंबड्या भ्याल्या. पुढल्या बाजारी पुन्हा येईन.’

पाटलांची जोडी शिवेवर पोचेपर्यंत दिवेलागण झाली. सहाही गिऱ्हाइके मांडवातली भजी संपवून आगगाडीने परत गेली होती. ती रागावलेली होती, पण आमच्या तालुक्यातली नव्हती. कारबोनीसाहेबांनी आपल्या कारखान्याला कळवले की या देशात वेगाला मागणी दिसत नाही, मोटार रुंद व पुढून सपाट बनवावी. मी कचेरीत अहवाल दिला: ‘कार्यक्रम शांततेत पार पडला. तक्रार नाही.’

शिफारस गेली आणि फेब्रुवारीत हुकूम आला. मी कायम झालो. मी तो उभ्याउभ्याच वाचला. हुकुमात दोन नावे होती. पहिले सोपान, दुसरे हौशीराम. सोपान माझ्यानंतर तीन वर्षांनी लागलेला. त्याला फायलीची दोरी बांधायला मी शिकवले.

मी त्याच दिवशी हरकत नोंदवली.

मामलेदारसाहेब म्हणाले, “अहो, दोघेही एकाच तारखेला कायम झालात. पगार सारखा, काम सारखे. नाव वर काय नि खाली काय?”

“प्रश्न तत्त्वाचा आहे, साहेब,” मी म्हणालो.

हरकतीचा निकाल लागेपर्यंत हुकूम तहकूब ठेवण्यात आला. त्याला यंदा सहावे वर्ष. मी आणि सोपान दोघेही हंगामी आहोत. सासऱ्यांनी आता ‘सध्या’ हा शब्दही सोडला आहे. ते माझी ओळखच करून देत नाहीत.

तुम्ही हसाल. खुशाल हसा, माझी हरकत नाही. फक्त एक विचारतो. परवा तुमच्या पुतण्याच्या लग्नाची पत्रिका आली, तेव्हा आधी मुहूर्त पाहिलात की आपले नाव कितवे छापले आहे ते? ऐन लग्नाच्या दिवशी तुमच्या अंगात कणकण होती, म्हणून जाता आले नाही, असे कानावर आले. आता बरे वाटते ना?